मोटारीचें चाक काय सांगतें?

मोटार ही वस्तु आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत आतां नवलाईची राहिलेली नाहीं. मुलांना शिकवणीस पोंचविणें, वडील मंडळींना डॉक्टरांकडे नेणें, लग्नामुंजीस परगांवीं जाणें, सुटींत घाट उतरून कोंकणांतील कुलदैवताचें दर्शन घेऊन येणें, हीं सर्व कामें ती बिनबोभाट करते. परंतु ज्या यंत्रावर आपण घरांतील लहानथोरांचा जीव निर्धास्तपणें सोंपवितों, त्याविषयींचें आपलें ज्ञान बहुधा पेट्रोल कोठें ओतावयाचें येथवरच येऊन थांबतें. अशा स्थितींत एखाद्या दिवशीं चाकांच्या बाजूनें कांहीं तरी चमत्कारिक आवाज येऊं लागला म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘जुनी झाली गाडी, आवाज करायचीच.’ दुसरा पक्ष मोटार मिस्त्रीकडे नेतो, ‘आवाज येतो, पाहा’ एवढेंच सांगतो आणि संध्याकाळीं जें बिल होईल तें देऊन परत येतो. पहिल्या मार्गांत जिवास धोका आहे, दुसऱ्यांत खिशास. आणि दुसरा मार्ग पत्करूनही पुष्कळ वेळां आवाज तसाच राहतो, हें विशेष!

या दोहोंहून निराळा असा एक मार्ग आहे व तो प्रत्येक गृहस्थाच्या आणि गृहिणीच्या आटोक्यांतील आहे. आयुर्वेदानें वैद्यास रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनीं करावयास सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. मोटारीच्या चाकासही हीच त्रिविध परीक्षा तंतोतंत लागू पडते, आणि येथें तर प्रश्नाचा क्रम पहिला लागतो. चाकाचा आवाज म्हणजे दुखण्याची तक्रार होय. ती केव्हां वाढते, केव्हां थांबते आणि कशानें बदलते, एवढें नीट विचारलें तर दुखणें कोठें आहे हें बहुतेक वेळां चाक आपण होऊनच सांगतें. तें कसें विचारावें हें आज आम्हीं येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पुढच्या चाकांवरील दुहेरी भार

आपल्याकडे पुष्कळ वर्षें ज्या दोन मोटारी घरोघर दिसत, त्या ॲम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी, दोन्ही मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या होत्या. इंजिन पुढें, तेथून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागें जाई व मागच्या चाकांस फिरवी. पुढच्या चाकांकडे काम एवढेंच, कीं चालक वळवील तिकडे वळणें. १९८३ सालीं मारुति ८०० रस्त्यावर आली आणि ही घडी बदलली. या मोटारींत इंजिनाचा जोर थेट पुढच्याच चाकांस दिलेला होता. युरोपांत ही पद्धति त्यापूर्वींच रूढ झाली होती. फ्रान्समध्यें १९३४ सालीं निघालेली सित्रोएन कंपनीची मोटार आणि इंग्लंडांत १९५९ सालीं निघालेली मिनी हीं तिचीं प्रसिद्ध उदाहरणें होत. मारुति ८०० ची निर्मिति २०१४ सालीं थांबली. परंतु तिनें पाडलेला पायंडा कायम राहिला, आणि आज आपल्याकडील बहुतेक लहान कौटुंबिक मोटारी पुढच्या चाकांनींच ओढल्या जातात.

या रचनेचे फायदे उघड आहेत. मागें जाणारा लांब दांडा नाहींसा झाल्यानें आंतील जागा वाढते, वजन घटतें, आणि इंजिनाचें ओझें ओढणाऱ्या चाकांवरच पडत असल्यामुळें ओल्या रस्त्यावर पकड चांगली राहते. परंतु पुढच्या चाकास आतां दोन कामें एकदम करावीं लागतात. त्यानें फिरावयाचेंही आणि वळावयाचेंही. शिवाय खड्ड्यागणिक वरखालीं व्हावयाचें तें निराळेंच. म्हणजे चाकास फिरविणारा दांडा, ज्यास मिस्त्री लोक ‘एक्सल’ म्हणतात, तो वांकलेल्या स्थितींतही सारख्याच गतीनें फिरला पाहिजे.

हें वाटतें तितकें सोपें नाहीं. सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नांवानें ओळखला जाणारा जो जुना सांधा आहे, त्यानें वांकलेला दांडा फिरतो खरा, पण झटके खात फिरतो. दोन दांड्यांमध्यें ३० अंशांचा कोन असेल तर एक दांडा एकसारखा फिरत असतांनाही दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यांत सुमारें शेंकडा १३ नें उतरतो व शेंकडा १५ नें चढतो. असे झटके चाकास व स्टिअरिंगला बसले तर मोटार हांकणें नकोसें होईल. ही अडचण दूर करणारा एक उत्तम सांधा आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्यानें १९२६ च्या सुमारास शोधून काढला. एका वाटीसारख्या भागांत सहा खोबणी, त्या खोबणींत सहा पोलादी गोळ्या, आणि दांडा कितीही वांकला तरी या गोळ्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहाव्यात अशी त्याची योजना आहे. त्यामुळें दोन्ही दांडे सारख्याच गतीनें फिरतात. आपल्या मोटारींतील ‘सी.व्ही. जॉइंट’ तो हाच. पुढच्या प्रत्येक चाकास एक एक्सल आणि प्रत्येक एक्सलास दोन सांधे, एक चाकाकडील बाहेरचा व एक गिअरपेटीकडील आंतला, असे एकंदर चार सांधे होतात. प्रत्येकावर घड्या घातलेलें रबराचें एक आवरण असतें. त्यास ‘बूट’ म्हणतात. त्या बुटांत काळें ग्रीस भरलेलें असतें, व सांध्याचें सारें आयुष्य त्या ग्रीसवर अवलंबून असतें.

एवढी ओळख झाली म्हणजे पुढील प्रश्न कां विचारावयाचे हें सहज ध्यानांत येईल.

चाकास विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न असा, कीं आवाज खरोखर चाकाचाच आहे काय? मोटार उभी करून, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन थोडें रेटून पाहावें. उभ्या गाडींतही आवाज येत असेल तर तो बहुधा चाकाचा नव्हे. नंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर हा वेग कायम ठेवून एकदां तिसऱ्या व एकदां चौथ्या गिअरमध्यें गाडी चालवावी. गिअर बदलतांच आवाजाची पट्टी बदलली तर संशय इंजिनावर घ्यावा; वेग तोच असतांना आवाजही तोच राहिला तर तो चाकाचा, असें धरून पुढें चालावें.

दुसरा प्रश्न, रस्ता बदलला कीं आवाज बदलतो काय? सिमेंटच्या रस्त्यावरून नव्या गुळगुळीत डांबरावर येतांच घोंघों करणारा आवाज एकदम मऊ पडला, तर तो बहुधा टायरचा समजावा. टायर असमान झिजला म्हणजे त्याच्या अंगावर उंचसखल पट्टे पडतात व ते रस्त्यावर आपटून गुंजन करतात. याउलट बेअरिंग खराब झालें असेल तर रस्ता कोणताही असो, त्याचें रडगाणें चालूच राहतें. पुढचे टायर मागें व मागचे पुढें करून पाहिले आणि आवाजही त्यांच्याबरोबर मागें गेला, तर शंकेस जागाच उरत नाहीं.

तिसरा प्रश्न वळणाचा. हा सर्वांत बोलका असून त्याचे दोन प्रकार आहेत. मोकळें मैदान किंवा रिकामें आवार पाहून स्टिअरिंग पूर्ण वळवावें व गाडी अगदीं सावकाश, थोडा जोर देत, गोल फिरवावी. आधीं उजवीकडे, मग डावीकडे. अशा वेळीं चाकाकडून ‘कट् कट् कट्’ असा स्पष्ट आवाज आला आणि सरळ जातांच तो थांबला, तर बाहेरचा सी.व्ही. जॉइंट झिजला आहे असें समजावें. याचें कारण असें, कीं सरळ जातांना त्या सहा गोळ्या आपापल्या खोबणींत फारशा सरकत नाहींत. वळतांना मात्र प्रत्येक फेऱ्यांत त्यांस पुढेंमागें धांवावें लागतें, आणि झिजून खळगे पडलेल्या जागीं त्या उड्या घेतात. मात्र कोणत्या बाजूचा सांधा बिघडला हें केवळ कानानें ठरवूं नये. पुढें सांगितलेल्या दर्शनानें ठरवावें. आंतला सांधा बिघडला असेल तर कटकट न होतां सरळ रस्त्यावर जोर देतांना गाडी थरथरते, किंवा पुढचा गिअर काढून मागचा टाकतांना ‘ठक्’ असा एक ठोका बसतो.

वळणाचा दुसरा प्रकार वेगांतला आहे. वाहतूक नसलेल्या रुंद रस्त्यावर ताशीं ४०-५० किलोमीटरच्या वेगानें जात असतां गाडी हलकेच उजवीकडे व नंतर हलकेच डावीकडे झुकवावी. गाडी उजवीकडे वळली कीं तिचा भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळीं घरघर वाढली तर सामान्यतः डाव्या बाजूचें बेअरिंग खराब असतें. डावीकडे वळतांना वाढली तर उजव्या बाजूचें. हा नियम निरपवाद नाहीं, पण दहांतून बहुतेक वेळां तो खरा ठरतो असा मिस्त्री लोकांचा अनुभव आहे.

चौथा प्रश्न ब्रेकचा. ब्रेक हलकासा दाबतांच आवाज सुरू होतो, थांबतो, कीं बदलतो? अनेक मोटारींत ब्रेकच्या पॅडला पोलादाची एक बारीक पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजून थोडा उरला कीं ती डिस्कला घासून ‘किर्र’ असा कर्कश आवाज करते. ही शिक्षा नसून सूचना आहे. ती न ऐकल्यास पुढें पॅड संपून लोखंडावर लोखंड घासूं लागतें, आणि किरकिरीची जागा खरखर घेते. त्या वेळीं डिस्क तर जातेच, पण गाडी थांबण्याचीही शाश्वति राहत नाहीं. पावसाळ्यांत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे पहिले दोनचार ब्रेक खरखरतात, तें मात्र भिण्याचें कारण नव्हे. डिस्कवर चढलेला गंज निघून जातांच तो आवाज थांबतो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर एकाएकीं भयंकर किंकाळी सुरू झाली तर डिस्क व तिच्या मागची पत्र्याची ढाल यांमध्यें खडा अडकला असण्याचा संभव असतो.

पांचवा प्रश्न खड्ड्याचा. आवाज केवळ खड्ड्यांत किंवा गतिरोधकावरच येतो काय? तसें असेल तर दोष फिरणाऱ्या भागांत नसून झुलणाऱ्या भागांत, म्हणजे सस्पेंशनमध्यें शोधावा. तेथील रबरें, बॉल जॉइंट व शॉक ॲब्सॉर्बर हे संशयित होत.

सहावा प्रश्न तालाचा. यास थोडें गणित लागतें, पण तें चौथीच्या मुलास सुटेल असें आहे. लहान कौटुंबिक मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारें १.६ ते २ मीटर असतो. ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत साडेपांच मीटर जाते. म्हणजे दहा सेकंदांत चाकाचे तीसच्या आसपास फेरे होतात. चालविणाऱ्यानें नव्हे, तर शेजारीं बसलेल्यानें घड्याळ लावून दहा सेकंदांत किती टकटक होतात तें मोजावें. तीसच्या आसपास भरल्या तर फेऱ्यास एक याप्रमाणें कांहीं तरी आपटत आहे: टायरांत रुतलेला खडा, खिळा, सैल झालेलें चाकाचें झांकण, किंवा सैल झालेला नट. यांतील खडा व झांकण यांस हंसून सोडतां येईल. चौथ्यास कधींही नाहीं.

मागच्या आसनावरील कान

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत गतवर्षीं घडलेली हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांची मोटार पुढच्या चाकांची, सहा वर्षांची. ताशीं ५० च्या पुढें गेली कीं आंत घोंघों होई. गॅरेजमध्यें टायर झिजल्याचें सांगण्यांत आलें. चारही टायर नवे घातले. आवाज तसाच. मग चाकांचें अलाइनमेंट व बॅलन्सिंग झालें. आवाज तसाच. घरच्या मंडळींनीं अखेर तो आवाज गाडीचा स्वभाव म्हणून पत्करला व रेडिओ थोडा मोठा लावूं लागले.

पुढें एकदां सर्वजण घाट उतरून गांवीं निघाले असतां मागें बसलेल्या आजी म्हणाल्या, “अरे, हा आवाज उजव्या वळणाला वाढतो आणि डाव्या वळणाला गप्प बसतो. मघांपासून मोजतें आहें मी.”

चिरंजीव म्हणाले, “आई, तुला भास होतो. घाटांत इंजिनच ओरडत असतें.”

परंतु गाडी सूनबाई चालवीत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, आई म्हणतात तें एकदां पाहूं तरी. सपाटीला लागल्यावर मी गाडी झुकवून बघतें.” सपाट रस्त्यावर त्यांनीं तसें करून पाहिलें, आणि आजींचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें. त्यांनीं गांवच्या मिस्त्रीला सरळ सांगितलें, कीं पुढच्या डाव्या चाकाचें बेअरिंग पाहा. चाक उचलून हातानें फिरवितांच आंतली खरखर त्याच्या बोटांस लागली. एक बेअरिंग बदललें आणि गाडी मुकी झाली. चार टायरांचा खर्च मात्र व्हावयाचा तो होऊन गेला होता.

आजींस मोटारीचें ज्ञान कांहीं नव्हतें. परंतु लहानपणीं त्यांनीं जातें ओढलें होतें. जात्यांत दाणे असतांना होणारी घरघर निराळी व दाणे संपल्यावर दगडावर दगड फिरूं लागतो ती निराळी, हें ज्यांनीं पहाटेच्या अंधारांत केवळ कानानें ओळखलें, त्यांस बेअरिंगची घरघर ओळखणें कठीण कां जावें? आणखीही एक गोष्ट आहे. चालविणाऱ्याचें लक्ष रस्त्यावर असतें व आवाज दिवसेंदिवस हळूहळू वाढत असल्यामुळें त्याच्या कानास तो सरावाचा होतो. क्वचित् बसणाऱ्या माणसाचा कान ताजा असतो. म्हणून मागच्या आसनावरून आलेली तक्रार, मग ती आजींची असो, पत्नीची असो वा आठ वर्षांच्या मुलीची असो, ‘भास’ म्हणून कधींही उडवून लावूं नये. ती फुकट मिळालेली तपासणी आहे.

दर्शन व स्पर्शन

प्रश्न संपले म्हणजे डोळे व हात यांची पाळी येते. स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवून गाडी उभी करावी, इंजिन बंद करावें, आणि चाकाच्या मागें विजेरीनें पाहावें. घड्यांचें रबरी बूट तेथें दिसेल. तें फाटलेलें असेल, किंवा चाकाच्या आंतल्या अंगास काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले असतील, तर निदान झालेंच म्हणून समजा. बूट फाटलें कीं ग्रीस बाहेर फेंकलें जातें व धूळ-पाणी आंत शिरतें. पुढें सांध्याची कटकट सुरू होणें हा केवळ दिवसांचा प्रश्न राहतो. सांधा वाजूं लागण्यापूर्वींच हें ध्यानांत आलें तर नवें बूट व नवें ग्रीस एवढ्यावर भागतें. वाजूं लागल्यावर सबंध सांधा किंवा सबंध एक्सल बदलावा लागतो. दोहोंच्या खर्चांत मोठा फरक आहे. म्हणून दर तीन महिन्यांनीं दोन्ही चाकांमागें एकदां विजेरी टाकण्याची संवय लावून घ्यावी. आणि वाजणारा सांधा पुष्कळ दिवस चालला तरी त्यावर विसंबूं नये. तो तुटला तर त्या चाकास जोर मिळत नाहीं. इतकेंच नव्हे, तर दोन चाकांत जोर वांटून देणाऱ्या यंत्राच्या गुणामुळें दुसरें चाकही गाडी ओढीत नाहीं. भर घाटांत, चढणीवर असा प्रसंग आला तर काय होईल याची कल्पना वाचकांनींच करावी.

टायरची परीक्षा तळहातानें होते. गाडी उभी असतांना टायरच्या पृष्ठावरून हात एका दिशेनें व मग उलट दिशेनें फिरवावा. एका दिशेनें गुळगुळीत व दुसऱ्या दिशेनें करवतीसारखें लागलें तर झीज असमान आहे. तेथें चाकांचें अलाइनमेंट तपासून घ्यावें, नाहीं तर नवे टायरही त्याच वाटेनें जातील.

बेअरिंगची परीक्षा चाक उचलून होते; ती मिस्त्रीकडूनच करवावी, पण आपण शेजारीं उभें राहून पाहावी. चाक वर व खालीं धरून हलविलें असतां त्यांत ढिलाई लागूं नये. तें हातानें फिरवितांना दुसरा हात सस्पेंशनच्या स्प्रिंगवर ठेवला, तर खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांस कळते. घरीं कोणीं हा प्रयोग करावयाचाच असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी: नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं शरीराचा कोणताही भाग कधींही घालूं नये.

हल्लीं बहुतेक लहान मोटारींचें बेअरिंग कायमचें बंद केलेलें असतें. त्यांत ग्रीस भरून भागत नाहीं. तें सबंधच बदलावें लागतें. पुष्कळ गाड्यांत तें घट्ट दाबून बसविलेलें असतें, व तें बसविण्यास दाबयंत्र लागतें. हातोड्यानें ठोकून बसविलेल्या नव्या बेअरिंगच्या गोळ्यांचे वण आंतील कड्यांवर उमटतात आणि तें थोड्याच दिवसांत पुन्हां गाऊं लागतें. म्हणून ‘बेअरिंग दाबयंत्रानें बसविणार ना?’ हा एक प्रश्न मिस्त्रीस आदरानें पण अवश्य विचारावा. हें बेअरिंग लवकर बिघडण्याचें आपल्याकडील मोठें कारण म्हणजे खड्डे व पावसाळ्यांतील सांचलेलें पाणी. २६ जुलै १९०५ नव्हे, २००५ चा तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहींत. सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा प्रलय नित्य येत नसला, तरी चाकाच्या मध्यापर्यंत चढलेल्या पाण्यांतून गाडी काढली असल्यास पुढील कांहीं आठवडे चाकांकडे कान ठेवावा हें बरें.

केव्हां जागच्या जागीं थांबावें?

येथवर सांगितलेल्या आवाजांपैकीं बहुतेकांस दोनचार दिवसांची सवड देतां येते. पण कांहीं लक्षणें अशीं आहेत, कीं तेथें एक किलोमीटरही पुढें जाऊं नये. फेऱ्यागणिक ठोका बसत असून स्टिअरिंग थरथरत असेल, तर गाडी कडेला घेऊन चाकाचे नट प्रथम पाहावे. विशेषतः नुकतेंच पंक्चर काढलें असेल किंवा स्टेपनी चढविली असेल तेव्हां. नट आवळतांना एकामागून एक शेजारचे न आवळतां समोरासमोरचे आवळावे, आणि शंभरएक किलोमीटर गेल्यावर पुन्हां एकदां तपासावे. ब्रेक दाबतांच लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, एखाद्या चाकाजवळ जळका वास येत असेल, किंवा स्टिअरिंग एकाएकीं सैल लागूं लागलें असेल, तरीही तोच नियम. अशा वेळीं गाडी ओढून नेण्याचा खर्च हा खर्च नव्हे.

मिस्त्रीस द्यावयाची चिठ्ठी

आमच्या मतें या सर्व परीक्षेचें फलित एका चिठ्ठींत उतरवून मिस्त्रीच्या हातीं द्यावें. नमुना असा: ‘आवाज घरघर. ताशीं ४० च्या पुढें सुरू होतो. गिअर बदलून फरक नाहीं. रस्ता बदलून फरक नाहीं. उजवीकडे वळतांना वाढतो, डावीकडे कमी होतो. ब्रेकनें फरक नाहीं. दोन महिन्यांपूर्वीं सुरू झाला. त्याआधीं गाडी पाण्यांतून गेली होती.’ या आठ ओळी वाचून कसबी मिस्त्रीचें अर्धें काम होतें व त्यास आनंदही होतो, कारण त्याचाही वेळ ‘आवाज येतो, पाहा’ या तीन शब्दांनींच सर्वांत अधिक फुकट जातो. जो कसबी नाहीं, त्यास एवढें कळतें, कीं समोरचें माणूस पाहून-ऐकून आलेलें आहे. मात्र चिठ्ठींत लक्षणें लिहावीं, औषध लिहूं नये. ‘बेअरिंग बदला’ असें आपणच लिहून दिलें तर तो बेअरिंग बदलील, आणि दोष दुसरीकडे निघाला तर त्यास बोल लावतां येणार नाहीं. काम झाल्यावर त्याला शेजारीं बसवून त्याच रस्त्यानें, त्याच वेगानें, त्याच वळणावरून गाडी फिरवून आणावी व मगच पैसे द्यावे. काढलेला जुना भागही मागून घेऊन पाहावा. खराब बेअरिंग हातानें फिरविलें कीं स्वतःच साक्ष देतें.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आतां आपल्या रस्त्यांवर दिसूं लागल्या आहेत, व त्यांपैकींही कित्येक पुढच्याच चाकांनीं ओढल्या जातात. त्यांत इंजिनाचा गलबला नसतो, त्यामुळें पूर्वीं झांकून जाणारे चाकांचे बारीक आवाज त्यांत स्पष्ट ऐकूं येतात. म्हणजे ही विद्या पुढेंही उपयोगीच पडणार आहे.

तेव्हां येत्या रविवारीं सकाळीं चहा झाल्यावर घरांतील एका मुलास किंवा मुलीस हाताशीं घ्यावें, विजेरी द्यावी, आणि चाकांमागील चारही बूट, टायरांचे पृष्ठभाग व चाकांचे नट पाहून घ्यावे. नंतर खिडक्या उघड्या ठेवून, रेडिओ बंद करून, दोन किलोमीटर हळू फिरून यावें आणि आपल्या निरोगी गाडीचा आवाज कसा आहे तो सर्वांनीं ऐकून ठेवावा. निरोगी आवाज कानांत बसला असेल, त्यासच रोगी आवाज पहिल्या दिवशीं कळतो.